अंथरुणाला खिळलेल्यांची घरपोच सेवा: धोरण, पैसा आणि मॉर्फिन

प्रश्न असा आहे: आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत पक्षाघात झालेले, कॅन्सरचे, वयोमानाने अंथरुणाला खिळलेले बरेच लोक घरीच पडून आहेत. सरकारचे पॅलिएटिव्ह केअरचे (बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेचे) धोरण आहे असे ऐकतो, मग आमच्याकडे कोणी का फिरकत नाही? आणि पाच-सहा ग्रामपंचायतींनी मिळून काही सुरू करायचे ठरवले, तर सुरुवात कुठून करावी?

धोरण आहे, हे खरे. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 चा, पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम 2012 चा. महाराष्ट्राने आपले पॅलिएटिव्ह धोरणही 2012 मध्येच जाहीर केले. 2018 पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली (आता आयुष्मान आरोग्य मंदिर). तिथे ज्या बारा प्रकारच्या सेवा मिळायला हव्यात, त्यांत वृद्धसेवा आणि पॅलिएटिव्ह सेवा दोन्ही आहेत. तरीही घरी कोणी येत नाही, कारण यांतल्या बहुतेक योजनांचा पैसा रुग्ण भरती झाला की सुटतो. महात्मा फुले जन आरोग्य योजना घ्या किंवा 70 वर्षांवरच्यांचे आयुष्मान कार्ड घ्या, दोन्ही रुग्णालयातल्या उपचारांचे बिल भरतात. ‘आता आमच्या हातात काही नाही, घरी घेऊन जा’ असे डॉक्टर म्हणाले की त्याच दिवशी त्या माणसाचा योजनेशी संबंध संपतो. नेमक्या त्याच दिवसापासून त्याला सगळ्यात जास्त मदत लागते. दर आठवड्याला घरी जाणाऱ्या माणसाचा पगार कोणाच्या अंदाजपत्रकात, कोणत्या लेखाशीर्षाखाली, हे जिथे ठरले तिथेच ही सेवा टिकली आहे. स्वयंसेवक, शिबिरे, देणगीच्या गाद्या यांचा नंबर त्यानंतर लागतो.

केरळचे उदाहरण सगळेच देतात, पण अर्धवट देतात. 1993 मध्ये कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी सहकाऱ्यांसह पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू केली. 2001 च्या सुमारास वस्तीपातळीवरच्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. त्यांचे प्रशिक्षण सोळा तासांचे आणि वर चार दिवस प्रत्यक्ष रुग्णांसोबत. 2008 मध्ये राज्याचे धोरण आले आणि घरोघरच्या सेवेची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली गेली. पंचायतीने प्रशिक्षित नर्स नेमायची, गाडीचा आणि साहित्याचा खर्च पंचायतीच्या आराखड्यात धरायचा. हे जमले, कारण 1996 च्या लोकयोजना मोहिमेपासून केरळ आपल्या योजनानिधीचा मोठा वाटा पंचायतींच्या हातात देत आला होता. आपल्या ग्रामपंचायतीकडे तेवढा मोकळा पैसा नसतो. म्हणून केरळची रचना जशीच्या तशी इथे आणली की सहा महिन्यांत नर्सचे मानधन थकते आणि काम बंद पडते. आपल्याकडे कामाची वाटणी वेगळी करावी लागते. नर्स, डॉक्टर आणि औषधे आरोग्य खात्याकडून किंवा जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून घ्यावीत. साहित्य, इंधन आणि सांभाळणाऱ्या घराला लागणारी मदत ग्रामपंचायतींनी उचलावी.

सुरुवात यादीपासून करा. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत: उभे राहताना तोल जातो का, रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावे विसरतात का. माहिती बऱ्याचदा भरलेली असते, पण ती पोर्टलवर जाते आणि तिथेच राहते. आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांकडून गावनिहाय नावे काढून घ्या आणि तीन गट पाडा: हिंडतेफिरते, आधाराने चालणारे, घरात किंवा अंथरुणात अडकलेले. तिसऱ्या गटाच्या प्रत्येक घरी एकदा नर्सने किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने स्वतः जायलाच हवे. फॉर्मवर ‘अंथरुणावर’ एवढेच असते. प्रत्यक्षात एक जण उठवून बसवले तर हाताने जेवतो आणि दुसऱ्याच्या माकडहाडावर तळहाताएवढी जखम असते. साठीखालच्यांना विसरू नका. मणक्याला मार लागलेला तिशीतला तरुण, सेरेब्रल पाल्सी असलेले मूल, किडनी निकामी झालेली चाळिशीतली बाई हे सगळे वृद्धांच्या कार्यक्रमातून सुटतात.

पहिल्या भेटीत आजाराच्या कागदांइतकेच महत्त्वाचे आणखी काही लिहून घ्यायचे असते. वेदना आहे का, आणि असल्यास दहापैकी किती? रात्री झोप लागते का? भरवते कोण, कूस बदलते कोण आणि ती व्यक्ती स्वतः किती वर्षांची आहे? दिवसभर ती कामावर गेली तर घरात दुसरे कोण असते? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरच भेटी किती लागतील ते ठरते. ऐंशी वर्षांच्या नवऱ्याला पंचाहत्तर वर्षांची बायको सांभाळत असेल, तर यादीत दोन नावे लिहा.

आता नर्सचे गणित. खेड्यात अंतरे धरून एक नर्स दिवसाला पाच ते सहा घरे नीट करते. आठवड्यातले चार दिवस फिरतीचे ठेवले आणि दोन दिवस नोंदी, औषधे व बाह्यरुग्ण विभागासाठी ठेवले, तर आठवड्याला वीस ते चोवीस भेटी होतात. आठ रुग्ण दर आठवड्याचे, चौदा पंधरवड्याचे आणि सव्वीस महिन्याचे धरले, तर आठ अधिक सात अधिक साडेसहा, म्हणजे साधारण साडेएकवीस भेटी. थोडक्यात, एका नर्सवर अठ्ठेचाळीस-पन्नास रुग्ण. त्यापुढे नावे वाढवली की भेटी दहा मिनिटांच्या होतात. रक्तदाब मोजून निघून येणे म्हणजे भेट नव्हे. नीट भेटीला चाळीस-पन्नास मिनिटे लागतात, त्यातली निम्मी घरच्यांना शिकवण्यात जातात. तीस हजार वस्तीच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला एक पूर्णवेळ नर्स ही किमान गरज समजा आणि प्रस्तावात तसेच लिहा. उपकेंद्रातल्या सिस्टरवर हे काम ‘अतिरिक्त’ म्हणून टाकले की लसीकरणाच्या आठवड्यात पहिल्यांदा हेच बुडते. तो तिचा दोष नाही.

बॅगेत काय हवे? रक्तदाबयंत्र, ग्लुकोमीटर, पल्स ऑक्सिमीटर हे सगळ्यांना सुचते. खरा उपयोग होतो तो 14 आणि 16 नंबरचे फोलीज कॅथेटर (लघवीची नळी), लघवीच्या पिशव्या, लिग्नोकेन जेली, निर्जंतुक हातमोजे, डिस्टिल्ड वॉटर, 10 मिलीच्या सिरिंज, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी), सलाईन, गॉज आणि मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांचा. कॅथेटरचा फुगा डिस्टिल्ड वॉटरनेच भरायचा. सलाईनने भरला तर आत क्षार साचतात आणि बदलताना फुगा रिकामा होत नाही. साधा लॅटेक्सचा कॅथेटर दोन ते तीन आठवड्यांत बदलावा लागतो, सिलिकॉनचा तीन महिन्यांपर्यंत चालतो. महाग असला तरी लांबच्या पाड्यांसाठी सिलिकॉनचाच घ्यावा. वाचलेल्या फेऱ्यांत तो स्वस्त पडतो. पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकणारी. बहुतेक घरांत ती खाटेवर रुग्णाच्या शेजारी ठेवलेली दिसते, लघवी उलटी फिरते आणि चार दिवसांत ताप येतो.

शय्याव्रणाबद्दल, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमांबद्दल, जरा थांबून सांगायला हवे, कारण घरी पडलेल्यांचे हाल सगळ्यांत जास्त यानेच होतात. दर दोन तासांनी कूस बदलायची हे सगळ्यांना माहीत असते, पण रात्री ते कोणी करू शकत नाही, म्हणून घरच्यांना जमेल असा नियम सांगावा. दिवसा दोन तासांनी कूस बदला. रात्री हवेची गादी वापरा आणि एकदा-दोनदा कूस बदला. पाठ तीस अंशांत तिरकी राहील अशी उशी लावा, गुडघ्यांमध्ये दुसरी उशी, आणि पोटरीखाली घडी घालून टाच अधांतरी ठेवा. हवेच्या गादीवर फक्त पातळ चादर टाकायची. लोक वर जाड गोधडी अंथरतात आणि गादीचा उपयोग संपतो. वीज गेली की साधी हवेची गादी हळूहळू बसते, त्यामुळे जिथे भारनियमन आहे तिथे नळी लगेच बंद करायला घरच्यांना शिकवावे लागते. कातडी लाल झाली आणि बोटाने दाबून सोडल्यावर लाली गेली नाही, तर जखम सुरू झाली असे समजून त्याच दिवशी फोन करायचा. लाल जागेवर चोळायचे नाही, त्याने आतली इजा वाढते. जखमेला वास येत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची बारीक पूड धुतलेल्या जखमेवर घालतात. दोन-तीन दिवसांत वास बराच कमी होतो आणि नातवंडे पुन्हा आजीच्या खोलीत यायला लागतात. ही गोष्ट मला औषधाइतकीच महत्त्वाची वाटते.

मॉर्फिन या तीव्र वेदनेवरच्या औषधाशिवाय पॅलिएटिव्ह सेवा अपुरी आहे, आणि बहुतेक ठिकाणी घोडे इथेच अडते. अंमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या 1985 च्या एनडीपीएस कायद्यामुळे रुग्णालयांना वेगवेगळ्या खात्यांचे परवाने काढावे लागत आणि ते एकाच वेळी वैध असावे लागत. 2014 च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे ‘अत्यावश्यक अंमली औषधे’ ठरली, आणि 2015 च्या नियमांनी पद्धत सोपी केली. रुग्णालयाने ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून राज्याच्या औषध नियंत्रकाकडे, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडे, अर्ज करायचा. मुख्य अट अशी की वेदनाशमन आणि पॅलिएटिव्ह केअरचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक डॉक्टर तिथे असावा. इथेच घोटाळा होतो: एकच डॉक्टर प्रशिक्षित असतो, त्याची बदली होते, आणि कपाटात साठा असूनही तो लिहून देणारे कोणी राहत नाही. म्हणून उपजिल्हा रुग्णालयातले दोन डॉक्टर एकाच वर्षी प्रशिक्षणाला पाठवा. मुंबईचे टाटा मेमोरियल, पुण्याचे वारज्यातले सिप्ला पॅलिएटिव्ह केअर अँड ट्रेनिंग सेंटर यांच्याकडे चौकशी करता येते. दुसरी चूक म्हणजे वर्षाच्या मागणीचा अंदाज वेळेवर न पाठवणे. मागच्या वर्षी वापर कमी दाखवला म्हणून या वर्षी मागणी कमी, आणि मग ऐन वेळी तुटवडा. साठा दुहेरी कुलपात, नोंदवही रोजच्या रोज, आणि रुग्ण गेल्यावर उरलेल्या गोळ्या परत घेऊन त्यांचीही नोंद, एवढे चोख ठेवले तर तपासणीला घाबरण्याचे कारण नाही.

भीती डॉक्टरांना असते आणि घरच्यांनाही: सवय लागेल, श्वास थांबेल, लवकर जातील. कॅन्सरच्या तीव्र वेदनेसाठी तोंडावाटे, थोड्या मात्रेपासून हळूहळू वाढवत दिलेले मॉर्फिन सुरक्षित आहे, हे अनेक दशकांच्या वापरातून सिद्ध झाले आहे. प्रौढ रुग्णाला साधारणपणे 5 मिलिग्रॅम दर चार तासांनी अशी सुरुवात होते, वृद्ध आणि अशक्त असेल तर 2.5 मिलिग्रॅमने. दहाची गोळी मिळते, म्हणून घरच्यांना अर्धी आणि पाव गोळी कशी करायची ते समोर बसून करून दाखवा. मध्येच कळ आली तर दिवसाच्या एकूण मात्रेच्या सहाव्या भागाइतका जादा डोस द्यायचा असतो. तो किती, हे डॉक्टरांनी कागदावर लिहूनच द्यावे. पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचे औषध सोबत हवेच. ते नसले की पाच-सहा दिवसांत पोट गच्च होते आणि ‘गोळी सोसत नाही’ म्हणून घरचे ती बंद करतात. मॉर्फिन बंद पडण्याचे खेड्यातले पहिले कारण हेच. सुरुवातीला मळमळ आणि गुंगी येते, ती काही दिवसांत ओसरते, हे आधीच सांगावे. किडनी निकामी असलेल्याला मॉर्फिन साचून त्रास होतो, तिथे डॉक्टर फेंटानिलचा विचार करतात. पहिल्या गोळीनंतर दोन दिवसांच्या आत नर्सचा फोन किंवा भेट ठरलेलीच असावी.

पैशाचे काय? ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आठ लाख स्वउत्पन्न असेल तर हे चाळीस हजार होतात. अनेक ठिकाणी ही रक्कम वर्षाअखेरीस घाईघाईने समान वाटून टाकतात. त्याऐवजी हवेच्या गाद्या, कमोडच्या खुर्च्या, वॉकर आणि डायपर यांसाठी ती ठेवली, तर पाच गावांची मिळून एक साहित्यपेढी उभी राहते. पण पक्षाघाताचा रुग्ण या निधीत बसायला त्याच्याकडे 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जिल्हा रुग्णालयात नेणे घरच्यांना परवडत नाही. म्हणून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे यादीसह लेखी मागणी करून उपजिल्हा रुग्णालयात एक दिवस शिबिर घ्यायला लावा. तिथेही न येऊ शकणाऱ्यांसाठी घरी तपासणी मागा. वित्त आयोगाच्या निधीतल्या अबंधित भागातून साहित्य घेता येते, पगार किंवा मानधन देता येत नाही. हे विसरून ठराव केला की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि पुढची तीन वर्षे ग्रामसेवक या विषयाला हातही लावत नाहीत.

घरच्यांच्या हातात थेट पडणारा पैसा म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान. पक्षाघात, कर्करोग, क्षयरोग, एड्स, कुष्ठरोग अशा आजारांचे 65 वर्षांखालचे रुग्ण त्यात बसतात. 65 पुढे श्रावणबाळ योजना. जुलै 2023 पासून महिना 1,500 रुपये झाले. अडचण उत्पन्नाच्या मर्यादेची: वर्षाला 21,000 रुपये. म्हणजे मजुरीवर जाणाऱ्या कुटुंबातला आजारीही कागदावर ‘सधन’ ठरतो. ही मर्यादा बदलल्याशिवाय या योजनेचा आधार खऱ्या गरजूंपैकी थोड्यांनाच मिळेल, आणि ती मागणी ग्रामसभेच्या ठरावांतून वर जायला हवी.

सांभाळणाऱ्याला मात्र आपल्याकडे काहीच मिळत नाही. सून किंवा मुलगी मजुरी सोडून घरी बसते, त्या बुडालेल्या रोजाची कुठे नोंदही होत नाही. केरळमध्ये आश्वासकिरणम् योजनेतून पूर्णवेळ सांभाळणाऱ्या व्यक्तीला महिना 600 रुपये ठरले आहेत. रक्कम फार थोडी आहे, पण सांभाळणे हे काम आहे असे शासन तिथे मान्य करते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 24 मध्येही जास्त आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. राज्याने त्यावर योजना करावी, ही मागणी पूर्णपणे कायद्याला धरून आहे. तोवर गावपातळीवर एवढे तरी करता येते: महिन्यातून दोन दिवस चार-चार तास प्रशिक्षित स्वयंसेवकाने रुग्णापाशी बसायचे, म्हणजे त्या बाईला बँकेत, बाजारात किंवा स्वतःच्या डॉक्टरकडे जाता येते. स्वयंसेवकांनी कॅथेटर किंवा औषधाला हात लावायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी पक्का करा. तो मोडला गेला आणि काही बिघडले, तर सगळ्या कामावर गावाचा विश्वास उडतो.

शेवटच्या दिवसांबद्दल घरी वेळेत बोलून ठेवलेले बरे. श्वास बदलला की घाबरून रुग्णवाहिका बोलावली जाते आणि माणूस वाटेत किंवा अतिदक्षता विभागात दगावतो, जे बहुतेकदा त्याला नको असते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली, आणि जानेवारी 2023 मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येते. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. रुग्ण बोलू शकतो तोवरच हा विषय काढावा, आणि तो त्याच्या डॉक्टरांनी काढावा. घरी मृत्यू झाल्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचा नमुना 4-अ द्यायचा आणि 21 दिवसांत ग्रामपंचायतीत नोंद करायची. हा कागद कोण देणार हे आधी ठरलेले नसेल, तर अंत्यसंस्कारानंतर कुटुंब आरोग्य केंद्राच्या खेपा घालत राहते.

वेळापत्रक सांगतो, कारण चांगले प्रस्तावही चुकीच्या महिन्यात दिल्यामुळे पडून राहतात. यादी आणि पहिल्या भेटी जून-जुलैमध्ये पूर्ण करा. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत नावे न वाचता फक्त आकडे मांडा: किती अंथरुणावर, किती वेदनेत, किती घरांत सांभाळणारे माणूस एकटे. ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम 2 ऑक्टोबरपासून सुरू होते. तेव्हा साहित्यपेढी आणि इंधनाची तरतूद त्यात लिहून घ्या, पाचही गावांचा ठराव एकाच मजकुराचा असू द्या. नर्सच्या पदाचा प्रस्ताव तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत दिवाळीपूर्वीच जिल्हा परिषदेकडे पाठवा, सोबत वर दिलेले भेटींचे गणित जोडा आणि एका प्रतीवर आवक क्रमांक घ्या. उपजिल्हा रुग्णालयाचा मॉर्फिनसाठीचा अर्ज याच काळात निघाला पाहिजे. नर्स नेमली गेली आणि औषध आलेच नाही, तर ती तळमळणाऱ्या माणसासमोर रिकाम्या हाताने बसते, आणि अशा नर्स वर्षभरही टिकत नाहीत.